गंजिफा, चित्रकथी आणि दशावतार : तळकोकणातील कलाप्रवासाचा माझा अनुभव

सिंधुदुर्गात जाणारा प्रवासी बहुधा मालवणचा किल्ला, तारकर्लीचा किनारा आणि मासळीचे जेवण एवढे मनात धरून जातो. त्यात काहीच वावगे नाही. मात्र सावंतवाडी आणि कुडाळ या दोन तालुक्यांत अगदी जवळजवळ नांदणाऱ्या तीन कला एकाच प्रवासात, त्यांच्या स्वतःच्या जागी पाहायच्या, असे मी बरेच दिवस मनाशी धरले होते. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, राजवाड्यात, पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गायलेली कथा, कलावंताच्या अंगणात आणि दशावतारी नाटक देवळासमोर, जत्रेच्या रात्री. यातल्या पहिल्या दोन गोष्टी वर्षभरात केव्हाही जमतात. तिसरीसाठी मात्र आपल्याला तिथीप्रमाणे वागावे लागते, त्यामुळे प्रवासाची आखणी मी रेल्वेच्या वेळापत्रकापासून न करता पंचांगापासून केली.

दक्षिण कोकणातील जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. प्रत्येक गावाच्या जत्रेची तिथी ठरलेली असते आणि ती गावकऱ्यांना पाठ असते, पण बाहेरच्या माणसाला ती सहजी कळत नाही. मी कुडाळच्या एका छोट्या लॉजच्या मालकांना दूरध्वनी केला. त्यांनी आपल्या मेहुण्यांच्या गावची जत्रा सुचवली, कोणती दशावतारी कंपनी येणार तेही सांगितले आणि एक सूचना आवर्जून केली : "बारा वाजल्याशिवाय नाटक सुरू होणा नाय. आदी पालखी, मगे नाटक. तुमी जेवन वायच झोप काडून येवा." परतीसाठी रात्री एसटी मिळणार नाही हे उघड होते, म्हणून पहाटेपर्यंत थांबायला तयार असलेली रिक्षाही त्यांच्याच ओळखीने ठरली.

जत्रेच्या आधीचा वेळ मी इतर दोन कलांसाठी राखून ठेवला आणि सावंतवाडीपासून सुरुवात केली. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात, जुन्या दरबार हॉलमध्ये, कारागीर बैठ्या मेजांशी बसून गंजिफा रंगवतात आणि तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला ते काम जवळून पाहता येते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्श्यापर्यंतची दहा पाने, अशी एकूण 120 पाने असतात. तीन खेळाडूंना ती सारखी वाटली जातात. दिवसा खेळ असेल तर रामाच्या रंगाने आणि रात्री असेल तर कृष्णाच्या रंगाने उतारी होते, म्हणजे पहिले पान टाकले जाते, शिवाय निम्म्या रंगांत दश्शा मोठा तर निम्म्यांत एक्का मोठा, हे नियम ऐकल्यावर या खेळाला किती स्मरणशक्ती लागत असेल याची कल्पना आली.

मी गेलो तेव्हा एक कारागीर मत्स्यावताराची पाने करीत होत्या. पिवळ्या जमिनीवर त्या एकेक मासा काढत, आधी अंगाचा रंग, तो सुकला की बारीक कुंचल्याने खवले, आणि सर्वांत शेवटी डोळ्याचा काळा ठिपका. आठ माशांचे पान आठही मासे सारखे दिसतील अशा बेताने भरायचे असते. त्या पान फिरवत होत्या, हात जागेवरच होता. ही कला विसाव्या शतकाच्या मध्यात जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्यांकडचे ज्ञान मिळवून 1970च्या दशकात ती पुन्हा उभी केली. सत्त्वशीलादेवी तर स्वतः शिकून रंगवू लागल्या. आज ही पाने तयार होताना पाहायला मिळतात याचे श्रेय निःसंशय त्या दोघांना आहे. बाहेर पडल्यावर मी चितारआळीत गेलो, तिथली लाकडी फळे-भाज्यांची दुकाने पाहिली आणि एक लाकडी फणस घेतला.

पिंगुळी कुडाळच्या अगदी शेजारी, महामार्गालगत आहे. राऊळ महाराजांच्या मठासाठी लोक तिथे येतात, पण त्याच गावातील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे, हे अनेकांना माहीत नसते. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर कलादालनात केले आणि त्यांच्या कार्याला 2021 मध्ये पद्मश्रीचा मान मिळाला. येथे दूरध्वनी करून आधी वेळ ठरवून जावे, असे मी आग्रहाने सांगेन. नुसत्या भिंतीवरच्या चित्रांवरून चित्रकथी कळत नाही, ती ऐकावी लागते.

चित्रे एकमेकांना पाठीशी पाठ लावून चिकटवलेली असतात आणि एका कथेची सारी चित्रे मिळून एक पोथी होते. सांगणारा आधी गणपतीचे व सरस्वतीचे चित्र दाखवून नमन करतो, मग वीणा, टाळ आणि हुडूक हे छोटे चर्मवाद्य यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गात गात एकेक चित्र पुढे करतो. मोठ्या डोळ्यांचे, एका बाजूने रेखलेले ते योद्धे मी पूर्वी पुस्तकात पाहिले होते, तेव्हा ते मला ताठर वाटले होते. गाणे सुरू झाल्यावर तोच ताठरपणा उपयोगाचा आहे हे लक्षात आले, कारण हालचाल आवाजात असते आणि चित्राने फक्त कोण कोणासमोर उभा आहे एवढे ठसठशीत दाखवायचे असते.

जत्रेच्या रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली आणि देवळासमोरच्या मांडवात नाटक उभे राहिले. त्याआधी रंगपटात डोकावण्याची परवानगी मी कंपनीच्या मालकांकडे मागितली आणि त्यांनी ती मोकळेपणाने दिली. नट आपापला आरसा पेटाऱ्याला टेकवून स्वतःच रंगत होते. स्त्रीपार्टी करणारे गृहस्थ नऊवारी नेसून झाल्यावर गजरा माळताना शेजारच्या राजाशी त्या रात्रीच्या आख्यानाचे प्रवेश ठरवत होते. लिखित संहिता नसतेच. आख्यान ठरते, संवाद मंचावर सुचतात.

नाटकाचा पडदा नाही आणि सजावटही नाही. एक बाकडे तेवढे असते आणि तेच सिंहासन होते. पायपेटी, पखवाज आणि झांज सुरू झाली, आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, गणपती आला, सरस्वती आली आणि मग वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर, म्हणजेच शंखासुर, मालवणीत बोलत अवतरला. लहान मुले खिदळत पुढे सरकली. विष्णूने त्याचा वध केला तेव्हा राजवाड्यातील मत्स्याची पाने मला आठवली, कारण शंखासुराची कथा मत्स्यावताराचीच आहे. पत्त्यावर जे दैवत पिवळ्या वर्तुळात बसते तेच इथे लोकांपुढे बोलते, भांडते. हा संबंध तिन्ही कला पाठोपाठ पाहिल्यानेच मला इतका स्पष्ट दिसला. मुख्य आख्यान पहाटेपर्यंत चालले आणि दहीहंडी फुटून धयकालो, म्हणजे दहीकाला झाला, तेव्हा उजाडू लागले होते.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. रंगपटात आणि देवळात छायाचित्र काढण्याआधी विचारावे. मांडवात बसायला स्वतःची चटई आणि थंडीसाठी शाल न्यावी. पिंगुळीत सादरीकरण पाहिल्यावर मानधन न विसरता द्यावे आणि शक्य असेल तर तिथलेच एखादे चित्र विकत घ्यावे. हाताने रंगवलेल्या गंजिफेचा पूर्ण संच स्वस्त नसतो, तेव्हा त्याची चौकशी राजवाड्यात आधी करावी. कार्तिक हुकला तरी निराश होण्याचे कारण नाही, दशावतारी कंपन्यांचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो आणि कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी या भागांत कोणत्या ना कोणत्या गावी नाटक असतेच. चहाच्या टपरीवर विचारले की पुढची जत्रा कुठे ते कळते.