तुम्ही विचारलंत म्हणून: फुटलेल्या डबीचं एवढं काय?

जपानी चहाविधीबद्दल बोलायला लागले की मी त्सुकुमो नासु नावाच्या डबीवर येतेच, आणि समोरून हमखास प्रश्न येतो, ‘फुटून सांधलेली डबी, तिचं एवढं कौतुक कशाला?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ही माचाची, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीची, मातीची डबी. उंची जेमतेम सहा सेंटिमीटर, आकार छोट्या वांग्याचा, रंग गडद तपकिरी, वर हस्तिदंती झाकण. घडली चीनमध्ये, पण नावारूपाला आली जपानात. १५६८ मध्ये बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा फौजेसह क्योतोत शिरला, तेव्हा मात्सुनागा हिसाहिदे या दुसऱ्या सरदाराने शरण जाताना ही डबी त्याला नजर केली. नोबुनागाने हिसाहिदेचा यामातो प्रांत हिसाहिदेकडेच राहू दिला. मुठीत मावणाऱ्या वस्तूचं वजन केवढं, बघा! पुढे ती नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी घराण्याकडे गेली आणि १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, जळला, तेव्हा ढिगाऱ्याखाली तिचे तुकडे झाले.

माझा जीव अडकलाय तो यापुढच्या कामात. ओसाका जिंकणाऱ्या तोकुगावा इएयासुच्या हुकुमावरून फुजिशिगे तोगेन आणि तोगान या बापलेकांनी राखेतून ते तुकडे शोधून काढले आणि उरुशीने, म्हणजे झाडाच्या चिकाने, सांधले. नुसते सांधले नाहीत. भाजलेल्या मातीवर झिलई जशी ओघळते, जशी चमकते, तशीच्या तशी त्यांनी उरुशीतूनच उठवली. सांधा कुठे दिसत नाही. क्ष-किरणांखाली धरल्यावर आतले तुकडे दिसले, तेव्हा कळलं की आपण जिला झिलई समजतो तीही त्या दोघांच्या हातची आहे. हल्ली सोन्याने सांधे मिरवणाऱ्या भांड्यांचं फार कौतुक होतं. तीही सुंदरच असतात. पण स्वतःची खूण मागे न ठेवणारं हे काम मला त्याहून मोठं वाटतं. इएयासु इतका खूश झाला की ती डबी त्याने तोगेनलाच देऊन टाकली.

१८७६ मध्ये मित्सुबिशीच्या इवासाकी यानोसुकेने थोरल्या भावाकडून पैसे उसने घेऊन ती मिळवली. आज ती तोक्योतल्या सेइकादो संग्रहालयात आहे. संग्रहालयाच्या मारुनोउचि भागातल्या दालनात ती कायम मांडलेली नसते, तेव्हा आधी चौकशी करा आणि मगच तिकिटं काढा.