दुपारी बारा वाजता

परवा आतेबहिणीच्या मुलाचा फोन आला, मास्टर्सला कुठे अप्लाय करू, चीन की अमेरिका, आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात दोन्हीकडे राहिलेली मी एकटीच, म्हणून "मावशी तूच सांग, कुठलं कॅम्पस भारी?" फोनवर मी फी, स्कॉलरशिप, गाइड कसा शोधायचा एवढंच सांगितलं आणि जे खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय. हांगझोउला झेजियांग युनिव्हर्सिटीत दोन वर्षं मास्टर्स केलं, आता इलिनॉयला अर्बाना-शॅम्पेनमध्ये पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे.

मला विचाराल तर कॅम्पस ओळखायचं असेल तर दुपारी बाराला तिथे जाऊन उभं राहावं.

हांगझोउला पावणेबाराच्या सुमारास वर्ग सुटायचे आणि सगळं कॅम्पस कँटीनकडे निघायचं. सायकली, ई-बाइक, चालत जाणारे, पोरं, लॅबमधले लोक, आमचे सरसुद्धा ट्रे घेऊन त्याच रांगेत. कार्ड टेकवलं की झालं, दहा-बारा युआनमध्ये भात, टोमॅटो घालून परतलेलं अंडं, बटाट्याचा व्हिनेगर घातलेला कीस आणि लसणाची फोडणी दिलेली कुठलीतरी हिरवी पालेभाजी. लॅबच्या वीचॅट ग्रुपवर रोज साडेअकराला कोणीतरी "चला" टाकायचंच, आणि मी दिसले नाही तर मला शोधायला माणूस यायचा. भेटल्यावर लोक "छ्र-ल-मा" विचारतात, म्हणजे जेवलीस का, अगदी आपल्याकडे दारात कोणी आलं की विचारतात तसंच. होस्टेलच्या दाराशी बसणाऱ्या बाईंना सगळे "आयी" म्हणायचे, त्याचा अर्थ मावशी, पण माझ्या कानाला ते पहिल्या दिवसापासून आईसारखंच ऐकू आलं आणि मला भाषा नीट येत नव्हती तेव्हा त्या एका शब्दाचा केवढा आधार वाटला होता.

जेवण झालं की वामकुक्षी. खरीखुरी, दिवे बंद करून. लॅबमध्ये टेबलाखालून घडीच्या खाटा निघायच्या, बाकीचे डेस्कवरच हातावर डोकं ठेवून. पहिल्याच आठवड्यात मी दुपारी एकला आत येऊन फटकन लाइट लावला तर चार डोकी एकदम वर आली, कोणी एक शब्द बोललं नाही, एका सीनियर मुलीने उठून लाइट बंद केला आणि स्वतःच्या ड्रॉवरमधली जास्तीची उशी काढून माझ्या हातात दिली. ती उशी दोन वर्षं माझ्याकडे होती.

आणि गरम पाणी. हांगझोउ यांगत्से नदीच्या दक्षिणेला येतं, तिकडे उत्तर चीनसारखी सरकारी हीटिंग नसते, त्यामुळे हिवाळ्यात वर्गातसुद्धा जॅकेट घालून बसायचं आणि ओली थंडी हाडात शिरायची. पाण्याच्या खोलीबाहेर थर्मासची रांग लागलेली असायची, रंगीत प्लॅस्टिकचे जुन्या पद्धतीचे, हँडलला नावाची चिठ्ठी किंवा रिबन बांधलेली. सकाळी भरून ठेवायचा आणि संध्याकाळी उचलायचा. माझ्याला मी गुलाबी लोकर गुंडाळली होती.

पण सगळंच गोड होतं असं नाही. आम्हा परदेशी मुलींची इमारत वेगळी, खोलीत दोघी, आणि चिनी मैत्रिणी चौघी एका खोलीत, त्यामुळे दिवसभर एकत्र असलो तरी रात्री त्यांच्या गप्पांत मी नसायचे. आणि वर्गात प्रश्न विचारायची माझी सवय तिथे मोडली. सर चांगले होते, पण तास चालू असताना कोणी हात वर करायचं नाही, संपल्यावर टेबलापाशी रांग लावायची. हळूहळू मीही गप्प बसायला शिकले आणि ते मला अजून सलतं.

इलिनॉयला बारा वाजता क्वॉडवर, म्हणजे कॅम्पसच्या मधल्या हिरवळीवर, गर्दी असते पण ती दहा दिशांना जाणारी. बाराला क्लास असतो, एकलाही असतो, ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो सँडविच खातो, बहुतेक वेळा स्क्रीनसमोर बसूनच. पहिला महिना मी रोज वाट बघितली की कोणीतरी "चला" म्हणेल. कोणी नाही म्हणालं. माणसं वाईट अजिबात नव्हती, मला एअरपोर्टवर घ्यायला आली होती, गादी उचलून दुसऱ्या मजल्यावर आणून दिली होती, पण दुसऱ्याच्या वेळेला हात लावायचा नाही ही इथली रीत. बाहेर उणे वीस, आत हीटर धडधडतोय, आणि पाणी मागितलं की ग्लासभर बर्फ.

आता वर्गाचं सांगते. इथे प्रोफेसर आठवड्यातले ठरावीक तास ऑफिसमध्ये विद्यार्थ्यांसाठी मोकळे ठेवतात, सिलॅबसमध्येच छापलेलं असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सरांना नावाने हाक मारायला जीभच वळेना. मी विचारलं की या समीकरणातली ही टर्म आपण का सोडून देतो, तर ते म्हणाले, मलाही नक्की माहीत नाही, बघू या, आणि खडू माझ्या हातात दिला. चाळीस मिनिटं आम्ही दोघं बोर्डापाशी उभे होतो. परत येताना मला रडू आलं, कारण वर्गात गप्प बसलेली ती दोन वर्षं आठवली. शिकायचं म्हणशील तर मला अमेरिकेने जास्त दिलं आणि राहायचं म्हणशील तर हांगझोउने, याच्यात माझ्या मनात शंका नाही.

मजा म्हणजे या दोन जागा जोडणारा एक माणूस आहे. झू केझेन, 1936 ते 1949 झेजियांग युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष, जपानशी झालेल्या युद्धात अख्खं विद्यापीठ घेऊन हजारो किलोमीटर पश्चिमेला ग्वेझोउ प्रांतापर्यंत गेलेले. त्यांनी नव्या मुलांना दोन प्रश्न विचारले होते, इथे कशाला आलात आणि बाहेर पडल्यावर कसा माणूस व्हायचंय. तिथे कॅम्पसवर प्रत्येकाला ते पाठ असतात. मला मात्र इथे आल्यावर कळलं की झू 1910 ला अमेरिकेत आले ते थेट याच इलिनॉयमध्ये शेतकी शिकायला. इथे 1876 पासूनचं मॉरो प्लॉट्स म्हणून मक्याचं प्रयोगाचं शेत आहे, त्या पिकावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी चक्क जमिनीखाली बांधली. त्यांनीही ते शेत बघितलं असणारच. ऑगस्टमध्ये मका डोक्याच्या वर जातो तेव्हा मी मुद्दाम त्या वाटेने जाते.

तर त्या शेताच्या कडेलाच गेल्या वर्षी ठरवलं की मी कुणाची वाट बघणार नाही. लॅबच्या ग्रुपवर दर शुक्रवारी साडेअकराला मीच "चला" टाकते, इंग्लिशमध्ये. पहिल्या शुक्रवारी एकटा कोरियन मुलगा आला, आता पाच जण असतो, गेल्या वेळी सरही डबा घेऊन आले होते. मी घरून थर्मास आणते. त्यात चहा नसतो, नुसतं गरम पाणी, आणि एक जण सोडला तर अजून कोणी ते घेत नाही.