डिस्कला स्प्रिंग आहेत का, ते आधी सांगा

स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस विकणारा माणूस क्लचबद्दल हमखास दोनपैकी एक वाक्य बोलतो. "सगळं कंपनीचं आहे, हात लागलेला नाही," किंवा "स्टेज टू क्लच टाकलाय, इम्पोर्टेड." दोन्ही ऐकून घ्यावीत आणि गाडीखाली जावं. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लच दिसत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा विकणाऱ्यानंही तो पाहिलेला नसतो. आधीच्या मालकानं सांगितलं ते हा पुढे सांगतो, एवढंच.

माझं नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गाड्या मी दुरुस्त करत नाही, पण मिस्त्री लोक फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती) फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायला, माझ्याकडे पाठवतात, आणि सोबत उत्सुकतेनं जुनी क्लच प्लेट, म्हणजेच डिस्कही, घेऊन येतात. यंदा भाच्यानंच एमएच-३१ पासिंगची आरएस घेतली. १.८ लिटर टर्बो, २० व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, नोंदणीची पंधरा वर्षं कधीच उलटलेली. विकणाऱ्याचं म्हणणं, सगळं ओरिजिनल.

सौदा व्हायच्या आधी विकणारा काही गिअरबॉक्स खाली घेऊ देत नाही. तेव्हा कान आणि पाय वापरायचे. शांत जागी गाडी न्यूट्रलमध्ये, एसी बंद, क्लचवरचा पाय काढलेला. गिअरबॉक्सकडून खळखळ येते का ऐका. मग पेडल हळूहळू दाबा. खळखळ थांबली, तर इंजिनाचे झटके इनपुट शाफ्टवाटे मोकळ्या गिअरपर्यंत पोचत आहेत. ऑक्टाव्हियाला कंपनीकडून ड्युअल मास फ्लायव्हील येतं. त्याच्या पोटात दोन वस्तुमानांच्या मध्ये लांब कमानदार स्प्रिंग असतात आणि हे झटके त्या गिळतात. खळखळ ऐकू येते, म्हणजे एकतर ते काढून कोणीतरी सॉलिड, एकसंध फ्लायव्हील बसवलंय, किंवा ड्युअल मासच्या स्प्रिंग थकल्यात. थकलेलं असेल तर गाडी बंद करताना धडधड होते, एक ठोका बसतो. उलट पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर तो क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचा. त्याचा फ्लायव्हीलशी संबंध नाही.

मग सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी उभी करून उचला. हलकं फ्लायव्हील असेल तर आरपीएम झटकन चढतो, झटकन पडतो आणि थोडा कमी रेस दिला की इंजिन बंद. सिरॅमिकच्या चकत्यांची डिस्क असेल तर मधला टप्पाच नसतो, एकदम धक्का. अशी डिस्क रेसच्या ट्रॅकला ठीक आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत वेरायटी चौकाच्या सिग्नलवर ती चालवायची हौस कोणाला असेल तर असो.

भाच्याच्या गाडीत खळखळ होती आणि पेडल दाबलं की थांबत होती. ठोका मात्र नाही. त्याच आधारावर त्यानं किंमत थोडी पाडून घेतली आणि पुढच्याच रविवारी मिस्त्रीकडे स्टार्टर मोटर काढली. हे गिअरबॉक्स उतरवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. त्या भोकातून सीताबर्डीत मिळतो तसा मोबाईलला लावायचा सुईसारखा कॅमेरा आत घातला, की फ्लायव्हीलची कड दिसते. ड्युअल मासची कड दोन थरांची असते, मध्ये फट, कधी बाहेर उडालेलं ग्रीसही. इथे एकच जाड, सलग चकती. म्हणजे "हात लागलेला नाही" हे तिथेच संपलं.

गिअरबॉक्स खाली आला तेव्हा मी गेलो होतो. लोक आधी बॉक्स, बिल, स्टिकर बघतात. मी डिस्कचा मध्यभाग, म्हणजे हब, बघतो. ड्युअल मास फ्लायव्हीलबरोबर साधारणपणे बिनस्प्रिंगची, सलग हबची डिस्क येते, कारण झटके गिळायचं काम फ्लायव्हीलकडे आहे. सॉलिड फ्लायव्हील लावलं, की ते काम डिस्ककडे जातं, म्हणून तिच्या हबभोवती स्प्रिंग हव्यातच. सॉलिड फ्लायव्हील आणि बिनस्प्रिंगची डिस्क अशी जोडी दिसली, तर पैसे वाचवायला कोणीतरी अर्धंच काम केलंय असं समजा. सॉलिड फ्लायव्हील म्हणजेच जुगाड, हेही खरं नाही. व्हॅलिओसारखी कंपनी असे बदलाचे किट स्वतःच विकते, स्प्रिंगवाल्या डिस्कसकट.

भाच्याच्या डिस्कला स्प्रिंग होत्या. जीव भांड्यात पडला.

डिस्कला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर मिस्त्रीनं बोट ठेवलं. "भाऊ, इथं कंपनीचा लोगो घासून टाकला आहे. डुप्लिकेट दिसून राहिली." ग्राइंडरनं चपटी केलेली नखाएवढी जागा होती खरी. पण ही खूण बहुतेकदा उलटंच सांगते. गाडी कंपनीला माल देणारा कारखाना तोच भाग स्वतःच्या डब्यात बाजारात विकतो, तेव्हा गाडीचा लोगो काढून टाकतो. नकली माल करणाराच उलट लोगो अगदी ठळक मारतो. शेजारी सॅक्स या क्लच कंपनीचं नाव आणि ३०८२ नं सुरू होणारा नंबर शाबूत होता. सॅक्सचे हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: ३०८२ म्हणजे प्रेशर प्लेट, १८७८ म्हणजे डिस्क, ३१५१ रिलीज बेअरिंग, २२९४ ड्युअल मास फ्लायव्हील. ल्यूक या दुसऱ्या क्लच कंपनीचं ड्युअल मास ४१५ नं सुरू होतं. ल्यूकच्या प्रेशर प्लेटच्या नंबरात १ नंतरचे आणि डिस्कच्या नंबरात ३ नंतरचे दोन आकडे सेंटिमीटरमधला व्यास सांगतात, म्हणजे ३२४ ही २४० मिलिमीटरची डिस्क.

फोक्सवॅगन गटाचा (स्कोडा त्याच गटातली) नंबर दिसला तर पहिली तीन अक्षरं बघायची. या इंजिनाच्या भागांवर सहसा ०६ए असतं. पुढे १०५ असेल तर क्रँक-फ्लायव्हील, १४१ असेल तर क्लच. आमच्या प्लेटवर सुरुवात ०२१ नं होती. हे व्हीआर६ या सहा सिलिंडर इंजिनाचं घराणं, २२८ मिलिमीटरचा क्लच. फोक्सवॅगनचे शौकीन या गिअरबॉक्सवर जी६० या फोक्सवॅगनच्याच जुन्या इंजिनाचं सॉलिड फ्लायव्हील आणि व्हीआर६चा क्लच कित्येक वर्षं बसवत आलेत. म्हणजे आधीच्या कुठल्यातरी मालकानं विचार करून काम केलं होतं आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

फ्लायव्हीलवर नाव नव्हतं, रेसिंगच्या सुरक्षिततेची एसएफआय १.१ ही खूणही नव्हती. नाव नसलं तरी धातू बोलतो. लोहचुंबक चिकटलं, म्हणजे ॲल्युमिनियम नाही. (ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलचाही रिंग गिअर (कडेची दातेरी कडी) पोलादाचाच असतो, तेव्हा चुंबक कडेला लावून फसू नका.) वर्कशॉपमध्ये आणून चकमध्ये बांधलं, डायल लावून रनआउट (फिरताना किती डुलतं ते) पाहिला आणि हलका हात फिरवला. बीड असतं तर टूलखाली काळा भुसभुशीत चूर पडला असता. इथे निळसर, लांब, वळलेली साल निघाली. पोलाद! कडेला बॅलन्सिंगची भोकंही होती. जोरात फिरणाऱ्या गाडीला बिडापेक्षा हेच बरं. ड्युअल मास मात्र माझ्याकडे फेसिंगला आणू नका. ल्यूक स्वतःच त्याचं घर्षणपृष्ठ मशीन करायला मनाई करतं, आणि मी ते परत पाठवतो.

भानगड निघाली ती डिस्कमध्येच. लायनिंग कोरं, रिव्हेट चकचकीत, पण हबच्या स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) झिजून गुळगुळीत झालेल्या आणि स्प्रिंग आपल्या खिडक्यांत अंगठ्यानं हलत होत्या. म्हणजे जुन्या हबवर कोणीतरी नवं लायनिंग मारलेलं. ट्रकच्या प्लेटला असं सर्रास करतात, तिथे चालूनही जातं. इथे खळखळ जास्त होती ती यामुळे.

"मामा, सगळंच बदलून टाकू का? परत ड्युअल मास?" भाच्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. फ्लायव्हील चांगलं, प्लेट चांगली. फक्त १८७८ ची नवी डिस्क आणि रिलीज बेअरिंग मागव. फ्लायव्हील मी फेस करून दिलं. टायमिंग बेल्ट बदलताना मिस्त्री बेल हाउसिंगच्या खिडकीतून टीडीसीची, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाची, खूण बघतो आणि या फ्लायव्हीलवर ती नव्हतीच, म्हणून मिस्त्रीकडून टीडीसी पकडून घेतली आणि पंच मारून दिला.

थोडी खळखळ अजून आहे. सॉलिड फ्लायव्हीलवर ती राहणारच. भाचा म्हणतो, त्यासाठी म्युझिक सिस्टिम आहे नं.