दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा डेड बोर्ड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन, गिरगावातले काका. "अरे कॉम्प्युटर चालू होत नाहीये, पंखा फिरतोय पण स्क्रीनवर काहीच नाही, तू आहेस कुठे?" मी डोंबिवलीहून येणाऱ्या फास्टमध्ये एका पायावर उभा होतो, पण ते त्यांना कशाला सांगा, म्हटलं येतो अकरापर्यंत.

हे काका म्हणजे डीटीपीवाले, कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून देणारे. ठाकुरद्वारजवळच्या चाळीत दुसरा मजला, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि लेझर प्रिंटर, मागे संसार. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, मंडळाची पावतीपुस्तकं आणि दिवाळी जवळ आली की दोन छोट्या दिवाळी अंकांची पानं, सगळं या एका मशीनवर. ७७५ सॉकेटचा बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, त्यावर कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी डीडीआर टू, वर विंडोज एक्सपी, जिच्यावरून मायक्रोसॉफ्टने २०१४ लाच हात झटकलेत. नवीन का घेत नाहीत ते विचारू नका, माझं विचारून झालंय. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालतच नाही ती किल्ली, मागच्या प्रिंटर पोर्टला लागतो, तो पंचवीस पिनांचा लांबडा पोर्ट, आणि तो आता नवीन बोर्डांवर मागच्या बाजूला दिसतच नाही. शिवाय जुन्या फायली सगळ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती गिचमिड.

पोचलो तर कॅबिनेटला झेंडूचा हार, पुढच्या पॅनलवर गंधाचं स्वस्तिक, हळदीकुंकवाची बोटं, वर आपट्याची पानं. खंडेनवमी-दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, आणि काकांचं हत्यार हेच. असे कॅबिनेट मी दरवर्षी बघतो, हार बाजूला काढून ठेवला आणि कामाला लागलो.

पॉवर बटण दाबलं. पंखे फिरले, मॉनिटरचा दिवा केशरीच. बीप नाही, डिस्प्ले नाही. दहापैकी सात वेळा असं असलं की रॅम असते, आणि गिरगावात तर चौपाटी हाकेच्या अंतरावर, खारी हवा, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडतात. रॅम काढली, खोडरबरने घासली, स्लॉट ब्रशने साफ केला, परत लावली. नाही. मग रॅम न लावताच चालू केला. ही माझी जुनी सवय, कारण रॅम नसली तर बोर्डाने बोंब मारायलाच पाहिजे, लांब लांब बीप देत राहायला पाहिजे. तो ओरडला म्हणजे निदान प्रोसेसर जागा आहे आणि बायॉस, म्हणजे बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्रॅम, वाचतोय एवढं कळतं. हा गप्प. स्पीकरची वायर नीट बसलीये का बघितली, बसलेली होती. तिथेच पोटात गोळा आला, कारण रॅमशिवायसुद्धा गप्प म्हणजे दुखणं साधं नाही.

पुढचं पटापट सांगतो. एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, मोजला, जांभळ्या वायरवर स्टँडबायचे पाच व्होल्ट, पिवळीवर बारा, लालवर पाच, नारिंगीवर तीन पॉइंट तीन, सगळं जागेवर, तरी बॅगेतला दुसरा लावून बघितला, फरक शून्य. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा कनेक्टर काढून घट्ट बसवला. बोर्डावरचा सेल २.६ व्होल्ट दाखवत होता, नवीन टाकला, जंपर हलवून सीमॉस, म्हणजे सेटिंग आणि तारखेची आठवण, क्लिअर केलं. कॅपेसिटर एकेक करून टॉर्च मारून बघितले, एकाचंही डोकं फुगलेलं नाही. हीटसिंक काढून प्रोसेसर उचलला, सॉकेटच्या पिना तिरक्या नजरेने बघितल्या, सगळ्या सरळ. शेवटी पीसीआय स्लॉटात डायग्नोस्टिक कार्ड लावलं, त्यावर दोन आकडी कोड येतो तो बघायला. 'एफएफ'. म्हणजे काही सुरूच झालं नाही. आकड्याच्या बाजूला चार-पाच बारीक दिवे असतात, त्यातला एक लाल दिवा सतत पेटलेला होता, आणि इथे मी माती खाल्ली, कारण मी फक्त आकडा बघितला आणि कार्ड उपटून बॅगेत टाकलं.

"काका, बोर्ड गेला," मी म्हटलं.

काका काही बोलले नाहीत. खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिले. चिडलेलं गिऱ्हाईक परवडतं, हे गप्प बसणारं नाही परवडत. मग हळूच म्हणाले, "परवा अंक छापायला द्यायचाय रे." मी लॅमिंग्टन रोडला ओळखीच्या दुकानात फोन लावला, प्रिंटर पोर्टवाला सेकंड हँड बोर्ड आहे का, तो म्हणाला एक आहे, अठराशे. ठेव म्हटलं, तासाभरात येतो.

आता जुना बोर्ड सोबत न्यावा, पोर्ट जुळवून बघता येतील, म्हणून बाहेर काढला. काकूंनी पाट दिला, त्यावर पेपर अंथरून बोर्ड ठेवला. आणि काय वाटलं कुणास ठाऊक, दुकानदाराला पैसे मोजण्याआधी एकदा उघड्यावर चालवून बघू म्हटलं. प्रोसेसर, एक रॅम, एसएमपीएस, मॉनिटर, बॅगेतला छोटा बझर, बस. पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं.

टूं. एक छोटा बीप, आणि मॉनिटरवर पांढरी अक्षरं.

काकू आतून "झाला झाला" करत बाहेर आल्या, काकांनी चष्मा चढवला, मी पण हसलो, म्हटलं आत कुठेतरी शॉर्टिंग असणार. बोर्ड परत कॅबिनेटमध्ये बसवला, वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

इथून पुढचा पाऊण तास मी काय काय केलं ते आठवलं तरी लाज वाटते. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर टेकतो ते खुंट, मोजले, एक जास्तीचा निघाला, मला वाटलं हाच चोर, बोर्डामागच्या टाक्याला टेकत असणार, काढून टाकला. नाही. एकही स्क्रू न लावता नुसता ठेवून बघितला, नाही. काकांकडे नमुन्याच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, जाड पुठ्ठ्याच्या, त्या पसरून कॅबिनेटचा पत्रा पूर्ण झाकला आणि वर बोर्ड ठेवला, म्हणजे चि. आणि चि. सौ. कां.च्या गादीवर बोर्ड झोपलाय, पत्र्याला कुठेही टेकत नाहीये, तरी नाही! परत पाटावर, चालू. परत आत, बंद. ऑक्टोबरची ती हीट, पंखा बंद कारण बारीक स्क्रू उडतात, शर्ट पाठीला चिकटलेला. काका म्हणाले, "दृष्ट लागली असेल." मला क्षणभर पटलंसुद्धा.

काकूंनी चहा आणला. मी बशीत ओतून पीत बसलो आणि घोडं कुठे पेंड खातंय याचा विचार करत होतो. पत्रा तर बाद झाला. मग पाटावर काय नाहीये जे कॅबिनेटमध्ये आहे? हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, त्या सकाळीच काढून बघितलेल्या. आणि पुढच्या पॅनलच्या बारीक वायरी. पॉवर स्विच, रिसेट स्विच, दोन दिवे. पाटावर मी स्क्रू ड्रायव्हरने चालू करत होतो, त्या वायरी लावल्याच नव्हत्या.

तेव्हा तो लाल दिवा आठवला. बॅगेतून कार्ड काढून चष्म्याशिवाय डोळ्याजवळ धरलं, दिव्याखाली बारीक छापलेलं, आरएसटी. रिसेट. बोर्ड चालू झाला की हा दिवा क्षणभर लागून विझायला हवा, पेटून राहिला म्हणजे कुणीतरी रिसेट दाबून धरलंय, आणि रिसेट दाबलेला असेपर्यंत प्रोसेसर एक ओळसुद्धा वाचत नाही. म्हणून रॅम काढली तरी बोंब नाही, म्हणून एफएफ. सकाळी अकरालाच कार्डाने उत्तर दिलं होतं.

रिसेटची वायर पिनांवरून ओढली, मीटर बीपवर टाकला, कनेक्टरच्या दोन टोकांना पिना लावल्या. मोकळ्या स्विचला मीटर गप्प राहायला पाहिजे. तो पींऽऽ करून जो ओरडला तो थांबेचना.

पुढचं पॅनल काढलं. रिसेटचं बटण म्हणजे शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान, आत दबलेलं, आणि बटण आणि भोकाची कड यांच्या फटीत काहीतरी लाल. टाचणीने उकरलं. तांदूळ. कुंकवात भिजवलेला, वाळून दगड झालेला, एक अख्खा दाणा. अक्षता म्हणजे न मोडलेला तांदूळ हे लहानपणी ऐकलेलं, पण त्याचा पुरावा असा तळहातावर मिळेल असं वाटलं नव्हतं. ओल्या गंधाचं बोट टेकवताना बटण आत गेलं असणार आणि दाणा पाचरीसारखा बसला. दाणा निघाला तसं बटण टक करून बाहेर आलं.

काका काकूंकडे बघायला लागले, काकू माझ्याकडे. "मी फक्त जरासं टेकवलं होतं," काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून लांबून ओवाळ."

मशीन परत जुळवलं, एफ वन दाबून पुढे गेलो, एक्सपीचं हिरवं माळरान दिसलं, डोंगल ओळखला गेला, अंकाची पानं उघडली. रिसेटची वायर मात्र परत लावलीच नाही, टेप गुंडाळून आत दाबून टाकली, नाहीतरी ते बटण या घरात कुणी वापरत नव्हतं. दुकानदाराला बोर्ड नको म्हणून फोन केला, त्याने ऐकवायचं ते ऐकवलं. काकांकडून सेलचे आणि येण्याचे मिळून तीनशे घेतले, ते पाचशे देत होते, पण तीन तासांपैकी दोन तास माझ्याच चुकीचे होते ते त्यांना कसं सांगणार. निघताना काकूंनी डब्यात श्रीखंड दिलं, ते मी नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी परतीच्या गाडीत परत काकांचा फोन. माझ्या छातीत धस्स. "अरे, मशीन मस्त चाललंय, पण तारीख २००८ ची दाखवतोय." सीमॉस क्लिअर केल्यावर तारीख घालायचीच विसरलो होतो. म्हटलं काका, खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळावर डबल क्लिक करा, मी सांगतो.

"राहू दे रे," काका म्हणाले, "तेव्हा माझे गुडघे चांगले होते."