पेसाहसाठी मात्झाची टॉफी आणि खोबऱ्याचे पिरॅमिड

पेसाह हा आम्हा ज्यूंचा मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेचा सण. त्याच्या गोडाची तयारी मी डब्यांवरची लेबलं वाचण्यापासून सुरू करते. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट यांचं फुगलेलं काही चालत नाही, हे घरातल्या लहानांनाही माहीत असतं. चूक होते ती आयसिंग शुगर आणि व्हॅनिला इसेन्सपाशी. आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा मक्याचं स्टार्च घालतात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, पेसाहात भात खातो, पण पाहुण्यांत कुणी अश्केनाझी (युरोपीय परंपरेचे ज्यू) असेल तर त्यांना बहुधा मका चालत नाही. म्हणून साखर घरीच मिक्सरवर दळावी. इसेन्समधलं अल्कोहोल धान्याचं असू शकतं. त्याऐवजी मी वेलची घालते, आणि ती चॉकलेटबरोबर छानच लागते.

कुठल्या जेवणानंतर काय द्यायचं, हेही आधी ठरवावं लागतं. सेदरच्या रात्री, म्हणजे सणाच्या सुरुवातीच्या विधीच्या जेवणाला, मटण असतं आणि मांसाबरोबर दुधाचं आम्हाला चालत नाही, त्यामुळे लोणी, दूध, क्रीम काहीच नाही. लोण्याची टॉफी मी सणाच्या मधल्या दिवसांतल्या चहासाठी ठेवते.

टॉफीसाठी 30×40 सेंमीच्या ट्रेला कडांवरून वर येईल असा बेकिंग पेपर लावते. साधारण 4 मात्झा (न फुगवलेल्या पातळ, कडक भाकऱ्या) बसतात. फटी राहिल्या तर तुकडे मोडून भराव्यात, कारण उघड्या कागदावर सांडलेलं कॅरॅमल पातळ पसरून सगळ्यात आधी करपतं आणि त्याचा कडूपणा सगळ्या ट्रेला लागतो. जाड बुडाच्या पातेल्यात 225 ग्रॅम लोणी आणि 200 ग्रॅम ब्राऊन शुगर मध्यम आचेवर ढवळत राहायचं. सगळीकडून उकळी फुटली की घड्याळ लावून 3 मिनिटं, हात न थांबवता. इथेच सगळ्यात जास्त बिघडतं: आच मोठी झाली किंवा ढवळणं थांबलं की तूप वर तरंगतं आणि साखरेचा गोळा खाली बसतो. असं झालं तर पातेलं खाली उतरवून 1 मोठा चमचा कडकडीत पाणी घालावं आणि तारेच्या व्हिस्कने जोरात फेटावं. बहुतेक वेळा मिश्रण पुन्हा एकजीव होतं. पाणी घालताना हात लांब ठेवा, वाफ जोरात येते.

मिश्रण मात्झावर ओतून पसरवते आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 175 अंशांवर 10 ते 12 मिनिटं ठेवते. पूर्ण ट्रेभर बुडबुडे यायला हवेत. फक्त कडेला आले असतील तर मधली टॉफी चिवट राहते. आठव्या मिनिटापासून ओव्हनसमोरून हलू नये.

बाहेर काढल्याबरोबर 250 ग्रॅम बारीक चिरलेलं डार्क चॉकलेट भुरभुरवून 5 मिनिटं तसंच सोडायचं. घाई करून पसरवलं तर कॅरॅमलही बरोबर ओढलं जातं. वर पिस्त्याचे काप, भाजलेले बदाम आणि चिमूटभर जाडं मीठ. मीठ वगळू नका, त्याशिवाय ही टॉफी नुसतीच गोड लागते. फ्रीजमध्ये 2 तासांनी हातानेच वेडेवाकडे तुकडे मोडावेत; हे काम मुलांना द्यावं. मुंबई-ठाण्याच्या एप्रिलच्या दमट हवेत कॅरॅमल ओलावा ओढून चिकट होतं, म्हणून थरांमध्ये कागद घालून घट्ट झाकणाच्या डब्यात आणि फ्रीजमध्येच ठेवावी. चॉकलेटवर पांढुरकी झाक आली तर ती बुरशी नव्हे. वितळलेलं कोको बटर पुन्हा गोठताना वर येतं.

सेदरच्या रात्रीसाठी खोबऱ्याचे पिरॅमिड. मिसरमधून सुटकेच्या सणाला हा आकार शोभतो आणि यात दुधाचा थेंब नाही. 3 अंड्यांचा पांढरा बलक, 150 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम डेसिकेटेड खोबरं आणि चिमूटभर मीठ पातेल्यात घेऊन अगदी मंद आचेवर ढवळावं. मिश्रण बोटाला चटका देण्याइतकं गरम झालं आणि साखरेची कचकच गेली की उतरवावं. मग 20 मिनिटं झाकून ठेवते, म्हणजे खोबरं ओलावा पिऊन घेतं. ही पायरी गाळली तर भट्टीत प्रत्येकाच्या पायाशी पाकाचं डबकं साचतं. ओला नारळ वापरायचा असेल तर कीस आधी कढईत कोरडा परतून घ्या. खोबऱ्याला खवट वास असेल तर ते घेऊच नका, भाजल्यावर तो वाढतोच.

ओल्या बोटांनी 4 सेंमी उंचीचे पिरॅमिड दाबून घट्ट करावेत, सैल राहिले तर उचलताना फुटतात. 165 अंशांवर 18 ते 20 मिनिटं, टोकं तांबूस होईपर्यंत. ट्रेवरच पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम असताना ते मऊच असतात. मग बूड दूध नसलेल्या डार्क चॉकलेटमध्ये बुडवून कागदावर ठेवायचं.

हारोसेतसाठी, म्हणजे सेदरच्या ताटातल्या गोड पदार्थासाठी, शिजवून गाळलेला खजुराचा दाट रस उरतोच. वाढताना त्याचा चमचाभर पिरॅमिडच्या टोकावरून सोडावा. आधी सोडला तर खोबरं नरम पडतं.