रस्टला ऑफिसात जागा मिळवताना

सुरुवात एका क्रॅशने झाली. आमचा सी++ मधला एक प्रोग्राम ट्रकवरच्या जीपीएस यंत्रांकडून पॅकेट्स घ्यायचा आणि डेटाबेसकडे ढकलायचा. दहा-बारा दिवसांनी, आणि बहुतेक वेळा रात्रीच, तो कोसळायचा. तो आपोआप पुन्हा सुरू करणारी स्क्रिप्ट कुणीतरी लावून ठेवली होती, त्यामुळे फार आरडाओरडा होत नसे. मी तेव्हा घरी रस्ट शिकत होतो, म्हणजे मेमरीच्या चुका प्रोग्राम चालण्याआधीच पकडू पाहणारी प्रोग्रामिंगची भाषा. मीटिंगमध्ये बोलून बसलो, "हा रस्टमध्ये लिहून बघू का?"

मॅनेजरने भाषेबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाला, "तू उद्या पेपर टाकलास तर सांभाळणार कोण?"

मी स्लाइड्स केल्या. मे २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली, डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नल ६.१ ने रस्टला दार उघडलं, वगैरे. उपयोग शून्य. शेजारच्या अँड्रॉइडवाल्यांना कोटलिन या त्यांच्या नव्या भाषेसाठी अशी एकही स्लाइड करावी लागली नव्हती, याचं मला वाईट वाटायचं. २०१७ मध्ये गूगलनेच कोटलिनला अधिकृत पाठिंबा दिला. जुन्या जावा फाइलशेजारी नवी कोटलिन फाइल टाकली तरी चालायचं, आणि अँड्रॉइड स्टुडिओ जावाचं कोटलिन करूनही द्यायचा. राहत्या घरात एकेक खोली रंगवत जावं, तसं त्यांचं झालं. मला सी++ शी बोलायचं तर मध्ये सी भाषेचा पूल बांधावा लागणार होता. म्हणूनच मी हा तुकडा धरला होता. बाकीच्या कोडशी त्याचा संबंध फक्त सॉकेटपुरता, म्हणजे नेटवर्कवरून डेटा देण्याघेण्यापुरता.

शेवटी परवानगी मिळाली: सहा आठवडे, जुना प्रोग्राम शेजारी चालूच राहणार, आणि सोबत दुसरा माणूस तयार करायचा.

हा दुसरा माणूस मिळेना. दोन वर्षांच्या अनुभवाची एक सहकारी होती, तिला विचारलं. तिने मोबाइलवर नोकऱ्यांची साइट उघडली आणि पुण्यात रस्टच्या जागा किती आणि जावाच्या किती, ते माझ्यासमोर धरलं. काय बोलणार? पुढच्या वर्षी तिला जॉब बदलायचा होता. अखेर आले ते दादा. वीस वर्षं सी++ लिहिणारे, आणि ते विरोध करतील असंच मी धरून चाललो होतो. "मी चुका काढायलाच बसणार आहे," हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.

पहिला आठवडा चुका कंपायलरनेच काढल्या. आमच्याच. मेलेली कनेक्शन्स यादीतून काढायचा लूप दादांनी सवयीने लिहिला: यादीवर फिरायचं, आणि फिरता फिरताच नको ते काढायचं. बॉरो चेकरने, म्हणजे कोणता डेटा कोण वापरतंय ते तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाने, अडवलं. यादी एकीकडे वाचायला दिलेली असताना तीच बदलता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. दादा वैतागले. अर्धा तास वेगवेगळ्या वाटांनी त्याला चकवायचा प्रयत्न केला, मग 'रिटेन' (यादीत हवं तेवढंच ठेवणारं फंक्शन) वापरून तो लूप एका ओळीत बसला. चहाला निघता निघता ते थांबले आणि त्यांनी जुना सी++ कोड उघडला. तिथेही तोच लूप होता. एका आडवाटेला इटरेटर (यादीतली चालू जागा दाखवणारा) बाद झाल्यावरही वापरला जात होता. आमचा रात्रीचा क्रॅश हाच असावा. (तो सी++ मध्येही दोन ओळींत दुरुस्त झाला असता, हे दादांनी मला लगेच ऐकवलं.)

भाषा शिकण्यापेक्षा जास्त दिवस बाकीच्या गोष्टींनी खाल्ले. ऑफिसच्या प्रॉक्सीने क्रेट्स, म्हणजे रस्टच्या तयार लायब्ररी, डाउनलोडच होऊ दिले नाहीत. आयटीकडे तिकीट टाकलं, ते नऊ दिवस पडून. तोवर घरून 'कार्गो व्हेंडर' ही कमांड चालवून सगळा सोर्स फोल्डरमध्ये भरून आणायचा विचार होता, पण सिक्युरिटीवाल्यांना आधी यादी हवी होती. आम्ही मागितले होते सहा क्रेट्स, त्यांना लागणारे धरून लॉक फाइलमध्ये निघाले १३० च्या वर. प्रत्येकाचं लायसन्स एक्सेलमध्ये भरताना दोन शनिवार गेले.

मग क्लायंटचा सर्व्हर. तिथे सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स, म्हणजे जीलिबसी (लिनक्सवरच्या प्रोग्राम्सना लागणारी मूळ लायब्ररी) २.१७. माझ्या उबुंटूवर बांधलेली बायनरी तिथे सुरू होईना, जीलिबसीची नवी आवृत्ती मागत बसली. संध्याकाळभर डोकं धरून बसल्यावर मसल टार्गेट (जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी घेऊन बांधायची सोय) सापडलं: सगळं आत घेऊन बांधलेली एकच फाइल, कॉपी केली की चालते. क्लायंटच्या ॲडमिनला रस्टमधलं हेच सगळ्यात आवडलं. मेमरीबिमरीशी त्याला घेणंदेणं नव्हतं.

सहाऐवजी अकरा आठवडे लागले. प्रोग्राम चालू आहे, आणि ती पुन्हा सुरू करणारी स्क्रिप्ट काढायला अजून कुणी तयार नाही. दादा आता इतरांच्या सी++ रिव्ह्यूमध्ये "याचा मालक कोण?" हा मेमरीबद्दलचा रस्टचा प्रश्न विचारत असतात.

यंदा दुसरी सर्व्हिस लिहायची वेळ आली. रस्ट की गूगलची गो भाषा, अशी चर्चा जेमतेम दहा मिनिटं चालली. टीममध्ये गो येणारे तिघं होते, रस्ट येणारे आम्ही दोघं, आणि दादा पुढच्या वर्षी रिटायर होणार. हात वर करायला सांगितलं तेव्हा मीही गोसाठीच केला.