केळं खाल्लंय का, असं त्यांनी आधी विचारलं

शनिवारी दुपारी आमच्या बाल्कनीच्या कठड्याला मोहोळ लागलं. लागलं म्हणजे पोळं नव्हे, नुसत्या माश्या. आधी वाटलं खाली कुणी गवत कापतंय. मग अंगणावरचं आभाळ काळ्या ठिपक्यांनी भरलं आणि वीसेक मिनिटांत दुधी भोपळ्याएवढा घोळ कठड्याच्या कोपऱ्याला लोंबू लागला. मी मुलाला आत ओढलं, दार लावलं आणि झुरळांचा स्प्रे शोधायला लागले.

शेजारच्या आजींनी त्यांच्या बाल्कनीतून हात हलवून मला थांबवलं. रविवारी वॉशिंग मशीन लावलं म्हणून दार वाजवणाऱ्या ह्याच बाई. म्हणाल्या, "काही करू नका, मी फोन करते." इथे जर्मनीत, म्युनिकमध्ये मधपाळांचे संघ आहेत. मोहोळ उठून कुणाच्या दारात बसलं की ते पकडून नेणाऱ्यांचे नंबर त्यांच्याकडे मिळतात.

पाऊण तासात एक आजोबा सायकलवरून आले. सोबत लाकडी पेटी, पाण्याची फवारणी आणि एक मऊ ब्रश. बाल्कनीत पाऊल टाकण्याआधी त्यांनी विचारलं, "आज कुणी केळं खाल्लंय का?"

मुलाने नुकतंच खाल्लं होतं. साल टेबलावर होती. आजोबांनी ती पिशवीत बांधायला लावली, मुलाला हात-तोंड धुवायला पाठवलं आणि मग कारण सांगितलं. माशी नांगी मारते तेव्हा तिथे एक वास सोडते, बाकीच्या माश्यांना तो "इथे या, इथे मारा" असा निरोप असतो. पिकल्या केळ्याला ज्या रसायनाचा वास येतो, त्यातही तेच मुख्य असतं. आइसोअमाइल ॲसिटेट. मी जळगाव जिल्ह्यातली, रावेर-यावलच्या केळीचे ट्रक बघत मोठी झाले, आणि ही गोष्ट मला साडेसहा हजार किलोमीटरवर कळली. एक माशी चावल्यावर तिला तिथेच चिरडलं की दहा का येतात, हेही तेव्हा उमगलं. नांगी लगेच खरवडून काढायची आणि बंद खोलीत शिरायचं. विहिरीत उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

मग ते निवांत उभे राहिले, अंगात साधा पांढरा शर्ट, तोंडाला जाळीही नाही. म्हणाले, ह्या आत्ता चावत नाहीत. वसाहत फुटली की जुनी राणी अर्ध्याहून जास्त माश्या घेऊन निघते. निघताना सगळ्या पोटभर मध पितात. राखायला घर नाही, पोरं नाहीत, म्हणून शांत. टेहळ्या माश्या नवी जागा बघून येतात आणि घोळावर नाचून दिशा सांगतात. त्यांनी बोट दाखवलं. खरंच एक माशी पोट थरथरवत त्याच त्या रेषेवर पुन्हा पुन्हा चालत होती. हा नाच उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश ह्याच शहरात काम करायचे, 1973 साली नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर ह्यांनी युद्धानंतर बघितलं की घोळावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने काळ्या, काही विटांच्या धुळीने लाल झाल्यात. बॉम्बने पडलेल्या घरांत, धुराड्यांत त्या जागा शोधून आल्या होत्या.

हे ऐकून मलाही काहीतरी सांगायचं होतं. म्हटलं, आमच्या चाळीसगावाजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाचा. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावती ह्या ग्रंथात भुंग्यांचं गणित घातलंय. पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर, दोन्हींच्या फरकाची तिप्पट कुड्यावर आणि एक हवेत फिरतोय, तर एकूण किती? आजोबांनी पेटीच्या झाकणावर बोटाने लिहून उत्तर काढलं, पंधरा. नानांनी मला हे चौथीत घातलं होतं, मला दोन दिवस लागले होते.

त्यांनी फांदी झटकावी तसा कठडा एकदा जोरात हलवला आणि निम्मा घोळ पेटीत पडला. राणी आत गेली असावी, कारण बाकीच्या दाराशी उभ्या राहून पंखांनी वारा घालू लागल्या. मला वाटलं, झालं. तर पेटी तिथेच ठेवून ते निघाले. "टेहळ्या अजून बाहेर आहेत. संध्याकाळी त्या इथेच परत येणार. घर उचलून नेलं तर त्या जातील कुठे?" रात्री नऊला, उजेड मावळताना, ते परत आले, पेटीचं दार बंद केलं आणि घेऊन गेले. पैसे घेतले नाहीत.

जाताना आजोबांनी विचारलं होतं, ह्या माश्यांच्या मागे कुणी धावत आलं होतं का? इथल्या दिवाणी संहितेत, 1900 पासून लागू, 961 ते 964 अशी चार कलमं फक्त उठलेल्या मोहोळावर आहेत. मालकाने लगेच पाठलाग केला नाही तर माश्या बेवारस होतात, आणि पाठलाग करताना तो दुसऱ्याच्या जमिनीतही शिरू शकतो. चार कलमं! मी रात्री उशिरापर्यंत हेच वाचत बसले.

आजींनी मात्र मध्येच विचारलं होतं, "तुमच्याकडे जाळतात ना?" मला राग आला. हो, जाळतात. आमच्या जिभाऊंनी विहिरीवरच्या कडुनिंबावरचं आग्या मोहोळ पऱ्हाटीच्या टेंभ्याने जाळलं होतं. सकाळी खाली माश्यांचा थर होता, आणि आई तो झाडताना काही बोलली नाही. पण त्याच्या दोन दिवस आधी आमच्या सालदारावर त्याच माश्या तुटून पडल्या होत्या, तो मरता मरता वाचला. आग्या माशी ही इथल्या माशीसारखी नाही. ती उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, पेटीत बसत नाही. सातेरी ही आपली पोकळीत राहणारी माशी, तिच्यासाठी आपल्याकडेही पेट्या आहेत, पुण्यात 1962 पासून मधमाशी संशोधन संस्था आहे. आग्यासाठी रात्री कुणाला फोन करायचा? डोंगराकडचे भिल्ल बाबा यायचे, ते धूर देऊन मधाची बाजू तेवढी कापायचे, अंड्यांची राहू द्यायचे. त्या आठवड्यात ते भेटले नाहीत.

आणि इथल्यांना तरी हे प्रेम कधी सुचलं? 2019 च्या फेब्रुवारीत बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या राज्यात, साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी माश्या वाचवण्यासाठी सह्या केल्या, आजींनीही केली. त्याच्या दोन वर्षं आधी जर्मनीतल्या संरक्षित जागांमधला अभ्यास आला होता, 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं वजन तीन चतुर्थांशांहून जास्त घटलं होतं. आपला शेवगा फुलला की त्याखाली उभं राहून माश्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, हे मी आजींना सांगितलं.

रविवारी घरी फोन केला. गच्चीवरच्या टाकीखाली हिवाळ्यात आग्या बसली होती, ती ऊन तापल्यावर उठून गेली, रिकामं पोळं राहिलंय. मी मायला म्हटलं, ते आत्ताच खरवडून टाका, मेणाचा वास राहिला तर दिवाळीनंतर पुन्हा तिथेच येतील. आणि आल्याच तर गच्चीवरचा दिवा रात्री बंद ठेवा, त्या उजेडाकडे येतात. मग त्या आजोबांचं सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. जिभाऊ म्हणाले, खरवडतो. थोड्या वेळाने विचारलं, "तो बुढा परत कितला वाजता उना?"

"नऊले," मी म्हटलं.